एमआरईच्या पेट्या विकत घेताना मी कसा फसलो

वादळाची दुसरी रात्र होती. वीज नव्हती, रस्ता बंद होता आणि बाबांची साखर खाली येत होती. गोळी घेतली होती, पोटात मात्र काही नव्हतं. नेमकी अशीच वेळ आली तर असावं म्हणून मी चौदा महिन्यांपूर्वी एमआरईच्या, म्हणजे अमेरिकी लष्करासाठी बनवलेल्या तयार जेवणाच्या (‘मील, रेडी-टू-ईट’), दोन पेट्या घेऊन ठेवल्या होत्या. एकेका पेटीत बारा पाकिटं. पहिलं पाकीट फोडलं, जेवण गरम करायच्या, पाणी घातलं की आपोआप तापणाऱ्या हीटरच्या पिशवीत रेषेपर्यंत पाणी घातलं आणि वाट बघत बसलो. वाफ आली नाही. पिशवी हाताला कोमट म्हणावी इतकीही लागली नाही. दुसऱ्या पाकिटाच्या हीटरचंही तेच झालं. चीज स्प्रेड विटकरी रंगाचं झालं होतं, पीनट बटरला जुन्या खवट तेलाचा वास येत होता. तिसऱ्या पाकिटातलं मुख्य जेवणाचं पाऊच उशीसारखं टम्म फुगलेलं होतं. मुलगा ते कात्रीने कापणार तेवढ्यात मी त्याच्या हातातून ओढून घेतलं. बाबांना शेवटी साखरेचं पाणी आणि बिस्किटं दिली.

त्या पेट्या मी ऑनलाइन, एका खासगी विक्रेत्याकडून घेतल्या होत्या. महिन्याच्या किराण्याहून जास्त पैसे मोजले होते. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘अस्सल लष्करी माल, पॅकिंग 2019, थंड आणि कोरड्या जागी साठवलेला, वीस वर्षं टिकणारा’. पेटीचा फोटो होता आणि त्यावर 9163 हा आकडा स्पष्ट दिसत होता. मी तो वाचायला शिकलो होतो, आणि तेवढंच शिकलो होतो हे माझं चुकलं. पहिला अंक वर्षाचा, पुढचे तीन वर्षातल्या दिवसाचे. म्हणजे 9 सालचा 163 वा दिवस, 12 जून. पण हा 9 कुठल्या दशकाचा, ते आकडा सांगत नाही. तो 2019 चा असू शकतो, 2009 चाही, 1999 चाही. विक्रेत्याने 2019 म्हटलं आणि मी ते मानलं.

वादळ सरल्यावर मी पेटी उजेडात नेऊन नीट पाहिली. एका बाजूला साठवणुकीच्या सूचनांचं मोठं पांढरं लेबल होतं. ते विक्रेत्याने वरून चिकटवलेलं आहे हे तेव्हा लक्षात आलं. ओलं करून हळूहळू सोललं. खाली तपासणीची तारीख छापलेली होती, 06/2012. ही तारीख पॅकिंगनंतर तीन वर्षांची घालतात. म्हणजे माल 2009 चा. मी घेतला तेव्हाच तो अकरा वर्षं उलटून गेलेला होता. तपासणीची तारीख ही मुदत संपल्याची तारीख नव्हे, नीट ठेवलेला माल त्यानंतरही खाता येतो, हे खरं आहे. पण तिच्या शेजारीच दुसरी गोष्ट झाकलेली होती, आणि ती मला जास्त लागली.

पेटीवर एक छोटं गोल स्टिकर असतं. बाहेरचं वर्तुळ गडद, मधला गोल फिकट. हे स्टिकर काळ आणि उष्णता दोन्हींचा हिशेब ठेवतं. पेटीला जितकी ऊब लागेल तितका मधला गोल गडद होत जातो, आणि गार जागी ठेवली तर अगदी सावकाश. मधला रंग बाहेरच्या वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला, की त्या पेटीवर विसंबू नये. माझ्या पेटीवरचा मधला गोल जवळजवळ काळा होता. 27 अंश सेल्सियसला हे जेवण किमान तीन वर्षं टिकावं अशी अपेक्षा असते, पण 38 अंशांवर हिशेब वर्षांचा राहत नाही, महिन्यांचा होतो. त्या पेट्या कुठल्या तरी पत्र्याच्या गोदामात किंवा ट्रकमध्ये भाजून निघाल्या होत्या. विक्रेत्याला हे ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर त्याने नेमकी तीच जागा झाकली नसती.

दुसरी पेटी तर मूळ पेटीच नव्हती. मूळ पेटीवर प्लास्टिकच्या पट्ट्या आवळलेल्या असतात, हिच्यावर साधी तपकिरी चिकटपट्टी होती. मूळ पेटीत 1 ते 12 किंवा 13 ते 24 अशी बारा वेगवेगळी जेवणं असतात. माझ्या पेटीत एकच क्रमांक चार वेळा निघाला. तीन पाकिटं तळाशी कापून पुन्हा डिंकाने चिकटवलेली होती आणि आतले गोड पदार्थ व हीटर काढून घेतलेले होते.

विक्रेत्याला फोटो पाठवले. त्याचं उत्तर दोन ओळींचं होतं: माल विकून वर्ष उलटलं, साठवणूक तुमच्याकडे चुकली असेल. पैसे परत मागायची मुदत कधीच संपली होती. पेट्या मी तळमजल्यावर, सावलीच्या खोलीत ठेवल्या होत्या, पण ते सिद्ध कसं करणार? माल आला त्या दिवशीचा एकही फोटो माझ्याकडे नव्हता. मी पेटी उघडलीच नव्हती. ‘सीलबंद आहे, गरज पडेल तेव्हाच उघडू’ असं प्रत्येक जण म्हणतो, आणि असा माल विकणाऱ्यांचा सगळा धंदा त्याच वाक्यावर चालतो. भाजी खराब निघाली तर संध्याकाळी कळतं. हे जेवण खराब निघालं तर ज्या रात्री दुसरं काही नसतं त्या रात्री कळतं, आणि तोवर विकणारा नामानिराळा झालेला असतो.

म्हणून कळकळीने सांगतो. पैसे देण्याआधी त्या गोल स्टिकरचा, चार अंकी आकड्याचा आणि तपासणीच्या तारखेचा जवळून काढलेला फोटो मागा. स्टिकर फाटलेलं किंवा झाकलेलं असेल तर विषय तिथेच सोडा. माल आला की त्याच दिवशी सगळ्या बाजूंचे फोटो काढा, एक पाकीट फोडा, हीटर चालवून पाहा आणि खाऊन पाहा. एक जेवण ‘वाया’ जाईल, साधारण 1250 कॅलरींचं. जाऊ द्या. हीटरमध्ये मॅग्नेशियमची भुकटी असते. पाण्याशी संयोग झाला की उष्णतेबरोबर हायड्रोजन वायू निघतो, म्हणून तो खिडकी उघडून आणि ज्योतीपासून लांब वापरायचा. पण साठवणुकीत ओल शिरली असेल तर भुकटी आधीच विझलेली असते, बाहेरून काही दिसत नाही. आणि फुगलेलं, गळणारं किंवा उघडताना फस्सकन हवा सोडणारं पाऊच चाखूनही बघू नका. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या विषाला चव नसते, वास नसतो.

खऱ्या पाकिटांवर ‘अमेरिकी सरकारची मालमत्ता, व्यापारी पुनर्विक्री बेकायदा’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर असतो. मी तो अस्सलपणाचा शिक्का समजलो होतो. वास्तविक तो मजकूर हेच सांगतो की हा माल बाजारात यायलाच नको होता. तो कुठून निघाला, मधे कुठे पडून होता, याची कागदोपत्री नोंद खरेदीदाराला कधीच मिळत नाही. 2006 मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने लष्करी जेवणाच्या ऑनलाइन विक्रीची चौकशी केली होती, म्हणजे हा रस्ता तेव्हाही वाहता होता. आता मी नागरी बाजारासाठी बनवलेली, पॅकिंगची पूर्ण तारीख छापलेली पाकिटं उत्पादकाकडूनच घेतो. शिवाय घरात नेहमी खाल्ले जाणारे डबाबंद पदार्थ आणि भरपूर पाणी ठेवतो. या जेवणात मीठ पुष्कळ असतं, पाण्याशिवाय ते खाणं जड जातं.

गेल्या आठवड्यात तोच पेटीचा फोटो एका नव्या नावाच्या जाहिरातीत दिसला. डावा कोपरा तसाच दबलेला, आकडा तोच 9163, वर्ष पुन्हा 2019. मी तक्रार नोंदवली, आणि खरेदीदार म्हणून त्याला पांढऱ्या लेबलाखालच्या जागेचा फोटोही मागितला. अजून उत्तर आलेलं नाही.