लेकीच्या पहिल्या फिशिंग रॉडसाठी गेलेले ४५ डॉलर आणि ते 'डिअर फ्रेंड'वाले ईमेल

हे खरं तर मे महिन्यातच लिहायला हवं होतं पण लाज वाटत होती, ४५ डॉलरसाठी एवढं काय रडतोय असंच कोणीही म्हणेल. पण परवा आमच्या इथल्या मराठी व्हॉट्सॅप ग्रुपवर एकाने, ज्या ऑनलाइन फिशिंग सेटच्या जाहिरातीला मी फसलो तीच, "पोरांसाठी भारी आहे, स्वस्तात मिळतंय" म्हणून टाकली, खाली चार जणांनी अंगठे पण दिले, तेव्हा म्हणलं आता बसून सगळं लिहूनच टाकू.

तर आम्ही राहतो डॅलसजवळ अर्व्हिंगला. घराशेजारच्या पार्कात एक तळं आहे, संध्याकाळी लेकीला घेऊन तिकडे जातो, लेक साडेपाच वर्षांची. मार्चमध्ये एका मुलाने तिच्यासमोर पंज्याएवढा मासा काढला आणि परत सोडून दिला, झालं, तेव्हापासून रोज झोपताना "बाबा, आपण कधी धरायचा?" मी मूळचा चिपळूणकडचा, लहानपणी पावसाळ्यात पऱ्यावर बांबूची काठी, दोरा, एक गरी आणि शेणकीतून उकरलेली गांडुळं एवढ्यावर बारके मासे धरलेत, त्यामुळे आपल्याला यातलं सगळं कळतं असा थोडा माज होताच.

इथे टेक्सासात त्या छोट्या माशांना लोक सरसकट पर्च म्हणतात, खरे ते सनफिश, आणि तळ्यात त्यातले ब्लूगिल भरपूर. तव्यात अख्खा मावतो म्हणून पॅनफिश. लहान पोरांना शिकवायला याच्याइतका चांगला मासा नाही, किनाऱ्याजवळच असतो, भुकेला असतो, ब्रेडची गोळी पण खातो. फक्त तोंड एवढंसं असतं त्यामुळे हुक ८ किंवा १० नंबरचा लागतो, लाइन म्हणजे दोरा २ ते ६ पाउंड ताण सोसणारा, आणि रॉड अल्ट्रालाइट, म्हणजे पाच-साडेपाच फुटांचा, वेतासारखा वाकणारा. कारण यातली जिग, म्हणजे वजन लावलेला आमिषाचा हुक, १/३२ औंसाची असते, म्हणजे पुरती एक ग्रॅमसुद्धा नाही, रॉड वाकला नाही तर एवढं हलकं वजन लांब जातच नाही, समोर पायाशी पडतं. आणि ताठ रॉडवर पंज्याएवढा मासा लागला तर हाताला काही कळत पण नाही, पोरांची सगळी गंमत तिथेच जाते. हे सगळं मला खरेदीच्या आधी माहीत होतं, आठवडाभर रात्री व्हिडिओ बघून पाठ केलं होतं. तरी फसलो.

जाहिरात अशी होती, पांढऱ्या दाढीचे एक आजोबा दुकानाच्या दारात उभे, शेजारी आजी, वर लिहिलेलं की इतकी वर्षं चालवलेलं आमचं फॅमिली दुकान आता बंद करतोय, उरलेला माल जवळजवळ फुकट देतोय. पालक आणि मूल असा जोडीचा सेट, दोन अल्ट्रालाइट रॉड, दोन रील, १२० नगांचा टॅकल बॉक्स म्हणजे हुक-वजनं वगैरे बारक्या सामानाची पेटी, आधीची किंमत १२९ खोडून ३९.९९. वर घड्याळ उलटं चालू, ऑफर संपायला ११ मिनिटं. त्यात आपोआप टिक केलेलं 'शिपिंग प्रोटेक्शन' ४.९५ चं, ते मी काढलं पण नाही, म्हणलं जाऊदे. रात्रीचे साडेअकरा, बायको म्हणाली अरे उद्या दुकानात जाऊन हातात धरून घे ना, मी म्हणलं दुकानात एवढ्यात एकच येईल. त्यात कार्ड कुठलं टाकलं तर डेबिट. क्रेडिट कार्ड खाली गाडीत राहिलं होतं आणि मला जिना उतरायचा कंटाळा आला, खरं सांगतो, एवढंच कारण.

नंतर पेज परत उघडलं तर घड्याळ पुन्हा ११ मिनिटांवर. तेव्हा पोटात जरा गोळा आला पण पैसे तर गेले होते. मग जे आधी करायचं ते नंतर केलं, रॉडचा फोटो इमेज सर्चमध्ये टाकला, तर एका नावाजलेल्या कंपनीचा फोटो, फक्त नाव पुसलेलं. साइटवर फोन नंबर नाही, पत्ता म्हणून जो दिला होता तो नकाशावर बघितला तर साधं राहतं घर, पुढे बास्केटबॉलचं जाळं. आणि "माय ग्रँडसन लव्हज इट" हा रिव्ह्यू जसाच्या तसा दुसऱ्या एका साइटवर नाइट लॅम्पच्या खाली. आजोबांचा फोटो मोठा करून बघितला तर डाव्या हाताला सहा बोटं. हसू पण येत होतं आणि चिडचिड पण.

बॉक्स यायला पाच आठवडे लागले. लेकीने तोपर्यंत दोन्ही रॉडची नावं ठेवून झाली होती, मोठा 'गणू' आणि छोटा 'चिंटी'.

बॉक्स उघडला. खऱ्या रॉडवर मुठीच्या वर बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं असतं, लांबी, पॉवर, किती पाउंडची लाइन, किती औंसचं वजन. यावर सोनेरी अक्षरात फक्त 'प्रो कार्बन'. टेलिस्कोपसारखा एकात एक जाणारा रॉड, जाड, टोक भिंतीला टेकवून दाबलं तर खराट्याच्या दांड्यासारखं ताठ. रीलवर छापलेलं '१३+१ बेअरिंग', मी स्क्रू काढून उघडलं, आत एक बेअरिंग आणि बाकी प्लॅस्टिकच्या चकत्या. लाइन आधीच गुंडाळलेली आणि एवढी जाड की कपडे वाळत घालता येतील. आणि तो १२० नगांचा बॉक्स, त्यातले ऐंशी-एक नग म्हणजे शिशाचे बारके मणी, ज्यांना स्प्लिट शॉट म्हणतात ते, बाकी तीन टोकांचे मोठे हुक, जे ब्लूगिलच्या तोंडात जाणारच नाहीत पण साडेपाच वर्षांच्या पोरीच्या बोटात नक्की जातील. शिशाचे मणी तर मी लगेच उचलून कपाटावर ठेवले. हे मणी दातांनी दाबून लाइनवर बसवायची सवय मोठ्यांनाही असते, पोरांसमोर ते चुकून पण करू नका, इथे टिनचे मिळतात ते घ्या.

एवढं दिसूनही मी तिला तळ्यावर घेऊन गेलो, कारण ती शनिवारी सकाळी सहाला बूट घालून दारात बसली होती, काय सांगणार. पहिल्याच फेकीला चिंटीचा वरचा दीड फुटाचा तुकडा सटकन निघाला आणि बॉबरसकट, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या बोंडासकट, लांब जाऊन पाण्यात पडला. लाइन पण तुटली. लेक रडली नाही, नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, आता तो मासा आपली काडी ठेवून घेणार का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेजारी एक अमेरिकन आजोबा बादलीवर बसून मासे धरत होते, खरेखुरे आजोबा, दहा बोटंवाले. त्यांनी काही न बोलता आपला रॉड तिच्या हातात दिला. चार पाउंडची लाइन, छोटा बॉबर, ब्रेडची गोळी. दोन मिनिटांत बॉबर तिरका झाला आणि रॉड असा काही वाकला की लेक किंचाळलीच. एवढासा ब्लूगिल, कल्ल्यापाशी काळा ठिपका, पोट पिवळंधमक. त्यांनी तिला दाखवलं की हात ओला करायचा आणि डोक्याकडून शेपटीकडे फिरवत पाठीचे काटे खाली दाबून धरायचं, नाहीतर टोचतात. तिने धरला, बघितला, सोडला. मग त्यांनी माझा गणू हातात घेतला, एकदा वाकवायचा प्रयत्न केला आणि सभ्यपणे खाली ठेवला.

आता मुख्य भाग, कारण खरी फसवणूक रॉडमध्ये नाहीच, ती नंतरच्या ईमेलमध्ये आहे. मी फोटो लावून लिहिलं, माल खोटा आहे, तुटला, पैसे परत द्या. उत्तर लगेच आलं, अगदी गोड, "डिअर फ्रेंड, सो सॉरी", तुम्ही माल ठेवून घ्या, आम्ही १५ टक्के परत देतो. मी नाही म्हणलं. तीन दिवसांनी २० टक्के. मग परत पाठवा म्हणाले, पत्ता चीनचा, ट्रॅकिंगसकट आणि खर्च माझा, पोस्टात विचारलं तर तो खर्चच सेटच्या वर जात होता. मी ते लिहिलं तर म्हणे आमच्या मॅनेजरशी खूप भांडून तुमच्यासाठी ३० टक्के आणलेत. प्रत्येक वेळी तीन-चार दिवस मध्ये जाणार, प्रत्येक वेळी नवीन नाव, आज लिली उद्या केविन, आणि प्रत्येकाला फोटो पहिल्यापासून पाठवायचे. भाजी मंडईत घासाघीस करतो ना तसं वाटायला लागलं, आणि मला वाटलं मी जिंकतोय! असं करत महिना गेला. शेवटी ४० टक्क्यांना मी वैतागून "ओके" लिहिलं.

तिथेच मेलो. ते ४० टक्के आलेच नाहीत, आठ दिवसांनी विचारलं तर उत्तरच बंद. मग बँकेत डिस्प्यूट, म्हणजे पैसे परत मिळावेत म्हणून तक्रार, टाकला तर त्या साइटवाल्यांनी बँकेला दोन कागद दिले, एक पार्सल पोचल्याचं ट्रॅकिंग आणि दुसरा माझा तो "ओके"वाला ईमेल, गिऱ्हाईकाने सेटलमेंट मान्य केलीये म्हणून. बँकेतली बाई भली होती, तिने स्पष्ट सांगितलं की तुम्ही पहिल्याच आठवड्यात आला असतात आणि काहीही मान्य केलं नसतं तर गोष्ट वेगळी असती, शिवाय डेबिटवर अशा खराब मालाच्या भांडणात क्रेडिट कार्डाइतकं संरक्षण नाही. क्रेडिट कार्डावर १९७४ चा फेअर क्रेडिट बिलिंग अॅक्ट लागू होतो, स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांत लेखी कळवायचं असतं. त्या लिली आणि केविनचा सगळा गोडवा दिवस खाण्यासाठीच असतो. त्यामुळे ईमेल एकच लिहायचा, पूर्ण पैसे हवेत, अर्धेमुर्धे नकोत, आणि त्याच दिवशी कार्डवाल्यांना फोन लावायचा, साइटवाल्यांच्या उत्तराची वाट बघत बसायचं नाही. एफटीसी म्हणजे इथलं ग्राहकांच्या फसवणुकीकडे बघणारं सरकारी खातं, त्यांच्या रिपोर्टफ्रॉड साइटवर पण मी तक्रार टाकली आहे, त्याने पैसे येत नाहीत पण दहा मिनिटांचं काम आहे, करा.

जाता जाता लायसन्सचं पण सांगतो कारण आमचा एक मित्र त्यात फसला. गुगलवर टेक्सास फिशिंग लायसन्स टाकलं की सगळ्यात वर जाहिराती येतात, त्यातल्या एका साइटने त्याचे पैसे घेतले आणि हातात दिली एक पीडीएफ, लायसन्स कसं काढावं याची माहिती! लायसन्स नाहीच. खरं लायसन्स टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफचं, गोड्या पाण्याचं इथल्या रहिवाशाला ३० डॉलर, १७ वर्षांखालच्या पोरांना लागतच नाही. आणि स्टेट पार्कात काठावरून मासे धरायला मोठ्यांनाही लागत नाही.

हे मला त्या बादलीवाल्या आजोबांनीच सांगितलं, आणि हेही सांगितलं की बऱ्याच स्टेट पार्कात रॉड, रील आणि टॅकल बॉक्स सात दिवसांपर्यंत फुकट वापरायला देतात, जिथून नेला तिथे परत द्यायचा. फुकट! मी पाच आठवडे पोस्टमनची वाट बघत होतो आणि ते सामान अर्ध्या तासावर पडून होतं. आम्ही दोन वीकेंड तसंच केलं. मग दुकानात जाऊन, बायकोला सोबत घेऊन, रॉडचं टोक जमिनीला टेकवून वाकवून बघून एक बटणवालं छोटं रील असलेला सेट घेतला, पोरांच्या हाताला बटण सोपं पडतं, २५ डॉलरच्या आत आला, वर एक डबी गांडुळं. हुकांच्या टोकाजवळचे उलटे काटे मी पक्कडने दाबून सपाट करतो, बोटात गेलाच तर सहज निघतो. नवीन रॉडचं नाव पण चिंटीच.

जुना गणू मागच्या अंगणात टोमॅटोच्या झाडाला आधार म्हणून रोवलाय. सोनेरी 'प्रो कार्बन' अजून वाचता येतं. यंदा टोमॅटो बरे लागलेत, झाड वजनाने पार वाकलंय, गणू मात्र अजून ताठ.