उंच इमारतीचा वारा: टनलमध्ये तपासायचा की संगणकावर?

नागपुरात वीस-तीस मजल्यांचे प्रस्ताव आता नवलाचे राहिलेले नाहीत. डिझाइनच्या बैठकीत मग प्रश्न हमखास निघतो: वाऱ्याचा अभ्यास सीएफडीवर, म्हणजे संगणकावर हवेचा प्रवाह सोडवून, उरकायचा की विंड टनलला, म्हणजे कृत्रिम वारा सोडणाऱ्या बोगद्याला, छोटे मॉडेल पाठवायचे? दोन्हींचे रिपोर्ट वापरून डिझाइन केलेल्या माणसाचे हे मत आहे. आयएस 875 भाग 3 (वाऱ्याच्या भाराचा भारतीय कोड) आणि ईटॅब्स (इमारतीच्या सांगाड्याचे गणित करणारे सॉफ्टवेअर) तुमच्या रोजच्या हाताखालचे आहेत, असे गृहीत धरतो.

आधी ज्यांना यातले काहीच नको ती कामे बाजूला काढू. बुटीबोरीतली पत्र्याची शेड, दहा-बारा मजल्यांची चौकोनी स्कीम, गच्चीवरचे सोलर: कोड पुरे. आयएस 16700 (उंच इमारतींची संहिता) टनलची शिफारस करते ती 150 मीटरच्या वर, आणि आपल्याकडे ती उंची क्वचितच गाठली जाते; वर्धा रोडच्या बाजूला तर विमानतळाची मर्यादा आधीच आडवी येते. इथे प्रश्न उभा राहतो तो उंचीमुळे कमी आणि सडपातळपणा, वेडावाकडा प्लॅन किंवा अगदी लागून उभा असलेला दुसरा टॉवर यांमुळे जास्त.

एक उदाहरण घेऊ. उंची 100 मीटर, अरुंद बाजू 15 मीटर. गुणोत्तर 6.7, म्हणजे पाचच्या वर. कोडप्रमाणे डायनॅमिक, म्हणजे इमारतीचे हेलकावे धरून केलेली, तपासणी आलीच. 0.09H/√d (H उंची, d रुंदी) या सूत्राने पीरियड, म्हणजे एका हेलकाव्याचा वेळ, 2.3 सेकंद येतो. चौकोनी आकाराला स्ट्राउहल अंक (कडेने भोवरे किती वेळा सुटतात ते सांगणारा) 0.12 धरला तर अनुनादाचा वेग, म्हणजे भोवरे आणि हेलकावे यांची लय जुळते तो वाऱ्याचा वेग, सुमारे 54 मी./से. निघतो. नागपूरचा मूळ वेग 44, पण तो तीन सेकंदांच्या झोताचा. कॅटेगरी 3 (कोडमधला वस्तीचा परिसर) मध्ये 100 मीटरवरचा ताशी सरासरी वेग 35 च्या आसपास येतो. म्हणजे निर्धास्त? आता ईटॅब्समधला, भिंती न धरता नुसत्या फ्रेमचा पीरियड बघा. तो 3.5 सेकंद आला, तर अनुनादाचा वेग 36 वर उतरतो, थेट डिझाइन वेगाच्या तोंडाशी. अशा इमारतीला आडव्या, म्हणजे वाऱ्याला काटकोनातल्या, दिशेचे बल नुसत्या कोडवर सोडायला मन धजत नाही.

सीएफडीची बाजू प्रामाणिकपणे मांडायची तर ती हलकी नाही. आर्किटेक्टने तीन आकार दिले आणि त्यातला कुठला बरा एवढेच ठरवायचे असेल, तर रॅन्स (प्रवाहाची सरासरी सोडवणाऱ्या) पद्धतीने आठवड्याभरात उत्तर मिळते. पोडियमवर, दोन टॉवरांच्या फटीत, स्टिल्ट पार्किंगच्या तोंडाशी वारा कुठे चिमटून जोर धरतो, हे ती चांगले दाखवते. पादचाऱ्यांच्या सोयीसाठी मी आजही तीच करून घेतो. वाऱ्याच्या आडोशाला, जिथे वेग कमी असतो, तिथले आकडे मात्र सैल असतात. प्लॅन बदलला तरी नवा मेश (हवेची छोट्या सेलमध्ये विभागणी) आणि पुन्हा रन, एवढेच काम. टनलमध्ये तेवढ्यासाठी नवे मॉडेल घडवावे लागते.

गाडी अडते ती प्रेशरवर. टर्ब्युलन्सचे (वाऱ्याच्या खळबळीचे) साधे के-एप्सिलॉन मॉडेल वारा इमारतीवर आदळतो तिथे ती खळबळ अवाच्या सवा वाढवते. त्यामुळे कडेवरून प्रवाह जसा सुटायला हवा तसा सुटत नाही, आणि बाजूच्या व गच्चीच्या कोपऱ्यांवरचे सक्शन (बाहेरची ओढ) कमी दिसते. नेमक्या तिथल्याच काचा निखळतात. शिवाय रॅन्स सरासरी देते, काच फुटते ती झोताने. सरासरीला गस्ट फॅक्टरने (झोताच्या ठरावीक पटीने) गुणून झोत काढणे समोरच्या भिंतीवर चालून जाते, कोपऱ्यावर नाही.

तरी माझे मत टनलकडे फिरले ते यामुळे नाही. फिरले ते एका कटकटीमुळे, आणि ती रिपोर्टच्या रंगीत चित्रांत कुठेच दिसत नाही. डोमेनच्या (गणितासाठी धरलेल्या हवेच्या पेटीच्या) तोंडाशी कोडप्रमाणे प्रोफाइल (उंचीनुसार वाऱ्याचा वेग आणि टर्ब्युलन्स) दिलेले असते, पण ते इमारतीपर्यंत तसेच पोहोचते का? बहुतेक वेळा नाही. बरीच सॉफ्टवेअर जमिनीचा खरखरीतपणा वाळूकणांच्या समतुल्य उंचीत मागतात, आणि ती रफनेस लेंग्थच्या (कोडमधल्या खरखरीतपणाच्या मापाच्या) साधारण वीसपट असते. कॅटेगरी 3 साठी 0.2 मीटर धरले तर ती झाली 4 मीटर. पहिल्या सेलचा मध्य त्याहून वर हवा, म्हणजे जमिनीलगतचा सेल निदान 8 मीटर उंच, अडीच मजल्यांएवढा. पोडियमजवळ तर अर्ध्या मीटरचे सेल हवे असतात. मग करणारा जमीन गुळगुळीत ठेवून मोकळा होतो. इमारतीआधीच्या पाच उंचींच्या मोकळ्या पट्ट्यात जमिनीजवळचा वारा वेग घेतो आणि टर्ब्युलन्स विरतो. तोंडाशी दिलेली 18 टक्के इंटेन्सिटी (टर्ब्युलन्सचे वेगाशी प्रमाण) टॉवरच्या जागी 10-12 वर आलेली मी पाहिली आहे, आणि कागदावर मात्र सगळीकडे ‘कॅटेगरी 3’ लिहिलेले. इमारत काढून रिकाम्या डोमेनचा एक रन घेतला की हे लगेच उघड होते. पण मागितल्याशिवाय तो रन कुणी देत नाही, आणि मागितला की काहींचा फोन लागेनासा होतो.

टनलमध्ये हे तपासणे कामाचाच भाग असते. समोर स्पायर (वारा ढवळणारे सुळके), मग लांब पट्ट्यावर लाकडी ठोकळे, आणि मॉडेल बसवण्याआधी टर्नटेबलच्या (मॉडेल फिरवायच्या चकतीच्या) मध्यावर हॉट-वायर (वेग मोजणारी तापलेली तार) उभी करून वेग आणि इंटेन्सिटी खालून वर मोजतात. जमले नाही तर ठोकळे हलवतात.

लार्ज एडी सिम्युलेशन, म्हणजे एलईएस या मोठे भोवरे क्षणाक्षणाला सोडवणाऱ्या सीएफडीने झोत मिळतात, हे मान्य. पण वेळेचा हिशेब बघा. 1:300 मॉडेल आणि वेगाचे प्रमाण 1:4 धरले तर काळाचे प्रमाण 1:75 होते. प्रत्यक्षातला एक तास टनलमध्ये 48 सेकंदांत संपतो. दहा-दहा अंशांनी 36 दिशा दिवसाभरात आटोपतात. एलईएसला दोनेक कोटी सेल आणि एकेका दिशेला कित्येक दिवस, म्हणून रिपोर्टात चार किंवा आठच दिशा असतात. कोपऱ्यावरचे सर्वांत वाईट सक्शन मात्र बहुधा तिरप्या, मधल्याच कुठल्या तरी दिशेला सापडते. शेजारचा टॉवर असेल तर विचारूच नका. इंग्लंडमध्ये फेरीब्रिजला 1 नोव्हेंबर 1965 रोजी आठांपैकी तीन कूलिंग टॉवर कोसळले, ते वाऱ्याच्या मागच्या बाजूचे होते.

टनलचेही रडगाणे आहेच. मॉडेल चेन्नईच्या एसईआरसी या संशोधन केंद्राला किंवा रुरकी, कानपूरच्या आयआयटीला न्यायचे, रांगेत थांबायचे, दीड-दोन महिने सहज जातात. 150 मिलिमीटरची फिन (दर्शनी भिंतीबाहेर आलेली पट्टी) 1:300 ला अर्धा मिलिमीटर उरते, म्हणजे जवळजवळ गायबच. मॉडेल मोठे करावे तर टनलमधले भोवरे त्यामानाने लहान पडतात. प्रेशरच्या बारीक नळ्या आत दुमडतात किंवा गळतात, आणि लांब नळी झोताचे टोक बोथट करते; त्याची दुरुस्ती रिपोर्टात दाखवलेली हवी. गोल आकाराला, म्हणजे कोराडीच्या चिमणीसारख्या कामाला, रेनॉल्ड्स अंक (आकार आणि वेगानुसार प्रवाह कसा वागतो ते सांगणारा) जुळत नाही, म्हणून पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत करावा लागतो. अर्थात गोल आकारावर सीएफडीही टर्ब्युलन्स मॉडेलच्या मर्जीवरच चालते.

आणखी एक उणीव दोन्हींची आहे. आपल्याकडे मे-जूनच्या वादळात ढगाखालून कोसळणाऱ्या झोताचा सर्वाधिक वेग जमिनीपासून फार वर नसतो आणि उंचीबरोबर तो पुन्हा कमी होतो. नेहमीचे टनल आणि नेहमीचे डोमेन, दोघेही असे प्रोफाइल धरत नाहीत.

पैशाच्या बाजूने एवढेच सांगतो. टनलचे बल कोडपेक्षा कमी आले तर आयएस 16700 प्रमाणे कोडच्या 70 टक्क्यांपर्यंत खाली जाता येते. सीएफडीच्या आकड्यावर लोड उतरवायला प्रूफ चेकर (डिझाइन तपासणारे दुसरे इंजिनिअर) सहसा राजी होत नाहीत. आणि फोर्स बॅलन्सची (मॉडेलच्या पायथ्याशी एकूण बल मोजणारी) चाचणी करून ठेवली की पुढे कॉलम बदलून पीरियड 3.5 वरून 3 झाला तरी मॉडेल पुन्हा लावावे लागत नाही. नवी फ्रिक्वेन्सी, नवे डॅम्पिंग (हेलकावे विरण्याचे प्रमाण) घालून टेबलावरच नवे लोड आणि वरच्या मजल्याचे ॲक्सिलरेशन काढता येते. राहत्या इमारतीला दहा वर्षांच्या वाऱ्यात 0.15 मी./से.² ची मर्यादा आहे, तिथे हे फार उपयोगी पडते.

तेव्हा आकार ठरेपर्यंत सीएफडी, ठरल्यावर टनल, हे मला बरे वाटते. एकाचेच पैसे असतील तर टनल, निदान सडपातळ किंवा शेजार असलेल्या टॉवरला. मॉडेलची ऑर्डर देण्याआधी आजूबाजूच्या तीनशे मीटरमधले मंजूर नकाशे मनपा किंवा नासुप्रकडून (नागपूर सुधार प्रन्यास) बघून घ्या, आणि चाचणी दोनदा सांगा: एकदा आज उभ्या असलेल्या इमारतींसह, एकदा मंजूर पण न बांधलेले टॉवर ठेवून. ठोकळे लावायचे-काढायचे एवढाच वेळ जास्त लागतो.