खुब्याचा सांधा बदलताना: चीर पुढून की मागून?
मागच्या पद्धतीत सांध्यामागचे छोटे स्नायू सोडवून पुन्हा शिवतात. सर्जनला सांधा नीट दिसतो, पण पहिले काही आठवडे खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवणं, पायावर पाय टाकणं सहसा टाळायला सांगतात. पुढच्या पद्धतीत स्नायूंच्या मधल्या फटीतून आत जातात. चालणं थोडं लवकर जमतं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा मात्र येऊ शकतो. काही महिन्यांनी दोन्हींतला फरक जवळपास मिटतो. म्हणून सर्जनचा हात ज्या पद्धतीवर बसलेला आहे, तीच मी निवडेन आणि खरा जोर तयारीवर देईन: साखर आटोक्यात, तंबाखू बंद, मांडीचे व्यायाम, वॉकरचा सराव. आणि घरात भारतीय संडास असेल, तर उंच कमोडची सोय ऑपरेशनच्या आधीच करा.