अल्फा रोमिओ स्पायडर 1974: आठ महिने वापरल्यावर

गाडी दारात आली तेव्हा बायको म्हणाली, "ही तर माझ्याहून म्हातारी!" खरंय. 1974ची अल्फा रोमिओ स्पायडर, 2000 वेलोचे मॉडेल: दोघांची, उघडणाऱ्या छपराची इटालियन गाडी. आठ महिन्यांत साडेतीन हजार मैल झाले, बहुतेक सॅन होजेजवळच्या डोंगरातले.

नेमकं हेच साल का? कॅलिफोर्नियात 1975पर्यंतच्या गाड्यांना स्मॉग (धुराची) तपासणी नाही, 1976पासून पुढे आहे. शिवाय अमेरिकेतल्या स्पायडरला त्याच सुमारास जाडजूड काळे रबरी बंपर लागले आणि पिनिनफरिना या इटालियन डिझाइन कंपनीने घडवलेल्या त्या नाजूक चेहऱ्याची रया गेली. भावही त्यानुसारच. 1966 ते 1969ची गोल शेपटीची गाडी (इटलीत तिला 'ओसो दि सेपिया' म्हणतात, म्हणजे आपलं समुद्रफेन!) माझ्या ऐपतीबाहेरची. पुढे शेपूट छाटली, तसा भावही उतरला. 1983नंतरची, मागे रबरी पंख लावलेली, सगळ्यांत स्वस्तात मिळते. 1990ची शेवटची मालिका रोज चालवायला सोपी, म्हणून तिला पुन्हा थोडी मागणी.

अमेरिकेतल्या या सालच्या गाड्यांत हवा-पेट्रोल मिसळणारे कार्ब्युरेटर नाहीत, स्पिका कंपनीचं पेट्रोल फवारणारं यांत्रिक इंजेक्शन आहे. ते काढून वेबर कंपनीचे कार्ब्युरेटर बसवणारे पुष्कळ. मीही तेच करणार होतो. पण आधीच्या मालकाने थर्मोस्टॅटिक अ‍ॅक्च्युएटरकडे कधी बघितलंच नव्हतं. इंजिन तापलं की पेट्रोल कमी करणारा एवढासा भाग. तो बदलला आणि गॅरेजभर येणारा पेट्रोलचा वास गेला, सकाळी एका चावीत सुरू व्हायला लागली. वेबरचे पैसे वाचले.

दुसरा गिअर थंड असताना घाई खपवून घेत नाही. जुन्या अल्फा त्यासाठी प्रसिद्धच आहेत. पहिले दोन मैल डबल क्लच (गिअर बदलताना क्लच दोनदा दाबायचा), मग लोणी. छप्पर मात्र बसल्या जागेवरून एका हाताने मागे टाकता येतं. नव्या गाड्यांनी शिकावं.

एकच गोष्ट चुकली. 'गंज अजिबात नाही' हे विकणाऱ्याचं बोलणं मी खरं मानलं. महिन्याभराने दाराखालच्या पट्टीला चुंबक लावलं तर चिकटेना. आत सगळी पुट्टी! पत्रा कापून वेल्डिंग करायला 3200 डॉलर गेले.

परवा एकाने गोल शेपटीची दाखवली. लाल, चकचकीत, कागदपत्रांची जाड फाइल. मी खाली वाकून चुंबक लावलं. टक्कन पडलं.