बारावीनंतर "डायरेक्ट जर्मनी" : पैसे गेलेच, पण पोराचं वर्ष गेलं

मी कराडला एका पतसंस्थेत कर्ज विभागात आहे, बावीस वर्षं झाली. जामीनदार सहीला आला की मीच त्याला म्हणतो, बाबा आधी वाच आणि मग पेन हातात घे. आणि पोराला जर्मनीला शिकायला पाठवतो म्हणणाऱ्या पुण्यातल्या एका एजंटच्या ऑफिसात सहा पानांच्या इंग्रजी ॲग्रीमेंटवर मी चहा येईस्तोवर सगळ्या सह्या करून मोकळा झालो होतो. सांगायला लाज वाटते पण आता दुसऱ्या कुणाचं होऊ नये म्हणून लिहितोय.

पोरगा मे २०२४ ला बारावी झाला, सायन्स, ७८ टक्के. जेईई मेन दिली होती, ॲडव्हान्सपर्यंत गाडी गेली नाही. मेव्हण्याचा मुलगा जर्मनीत शिकतो त्यामुळे याच्याही डोक्यात तेच. पण तो इथं बीई करून मग मास्टर्सला गेला होता, आणि आपला बारावीवर निघालाय, हा फरक तेव्हा आमच्या डोक्यात शिरलाच नाही.

ऑफिस डेक्कनला, एसी, भिंतीवर जर्मनीचा भलामोठा नकाशा आणि व्हिसा हातात धरलेल्या पोरांचे फोटो. चालवणारा तिशीचा, आमच्याच सातारा जिल्ह्यातला निघाला, आत गेल्या गेल्या माझ्या पाया पडला. "काका, आपलंच ऑफिस समजा." तिथंच मी अर्धा पाघळलो.

त्याने सांगितलं त्यातलं निम्मं खरं होतं, म्हणून तर फसलो. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी ट्युशन फी नसते हे खरं. (सगळीकडे नाही, बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १५०० युरो आहेत.) पण नुसत्या बारावीवर थेट बॅचलरला घेत नाहीत, हे तो बोललाच नाही. आपल्याकडच्या पोरांना एकतर जेईई ॲडव्हान्स पास लागतं, नाहीतर इथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात डिग्रीचं एक वर्ष नीट पास झालेलं लागतं, आणि यातलं काहीच नसेल तर तिथं आधी वर्षभर स्टुडिएनकोलेग, म्हणजे बॅचलरच्या आधीचा तयारीचा कोर्स, करायचा, त्याला पण जर्मन येत असायला हवं, प्रवेश परीक्षा वेगळी, शेवटी अजून एक परीक्षा. हे सगळं आम्हाला सात महिन्यांनी कळलं.

तो काय म्हणाला? "काका, इथं ॲडमिशन अजिबात घेऊ नका, प्रोफाइल खराब होते, गॅप मी बघून घेतो." पोराला सीईटीवर सांगलीला मेकॅनिकल मिळत होतं, ते सोडलं. म्हणजे ज्या एका वर्षाने जर्मनीचं दार सरळ उघडलं असतं तेच वर्ष त्याने आम्हाला घरी बसवायला लावलं. पैशापेक्षा हे जास्त लागतं मनाला.

आता पैसे. आधी २५ हजार रजिस्ट्रेशन. मग १ लाख ७५ हजार पॅकेज, त्यात म्हणे युनिव्हर्सिटीचे अर्ज, एपीएस (आपले शिक्षणाचे कागद तपासून मिळणारा दाखला), व्हिसा सगळं आलं. फर्मच्या नावाने चेक द्यायला गेलो तर "जीएसटी वाढेल काका, यावर टाका" म्हणून एका बाईच्या सेव्हिंग खात्याचा नंबर दिला, ती त्याची बहीण का बायको ते आजपर्यंत कळलं नाही. मी बँकिंगमधला माणूस, दुसरा कुणी असं करताना दिसला असता तर मी त्याला शहाणपण शिकवलं असतं.

पोराच्या नावाने नवा ईमेल त्यांनीच काढला आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवला. "विद्यार्थी गडबडीत काहीतरी उत्तर देतात, मग केस बिघडते." मग जुलै गेला, १५ जुलै ही तिकडच्या विंटर सेमिस्टरची नेहमीची शेवटची तारीख, आमचं काहीच झालं नाही, तर म्हणाला एप्रिलला बसवू. दिवाळी झाली. फोन लावला की "प्रोसेसमध्ये आहे".

डिसेंबरात पत्र आलं. एका नामांकित टेक्निकल युनिव्हर्सिटीचं, लोगोसकट, मेकॅनिकल बॅचलर, एप्रिल २०२५. घरात पेढे वाटले, हिने तर कुलदैवताला जाऊन ओटी भरली. पत्राबरोबर सीट कन्फर्म करायला १५०० युरो मागितले, म्हणजे १ लाख ३८ हजार, ते पण त्याच खात्यावर. भरले. पंधरा दिवसांनी म्हणाला आता ब्लॉक्ड अकाउंटचे (तिथल्या वर्षभराच्या खर्चासाठी आधीच भरून ठेवायचे) ११,९०४ युरो आमच्याकडे द्या, आमचं बल्कमध्ये टायअप आहे, रेट चांगला मिळतो. जवळजवळ अकरा लाख! एज्युकेशन लोनची फाईल मी तयारच ठेवली होती.

वाचलो ते पोराच्या जर्मन क्लासच्या मॅडममुळे. पोरगा कौतुकाने पत्र दाखवायला घेऊन गेला, त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, तुझं एपीएस सर्टिफिकेट कुठंय? नाहीये, एजंट करतोय. म्हणाल्या, अरे नोव्हेंबर २०२२ पासून त्याच्याशिवाय स्टुडंट व्हिसाचा अर्जच पुढे जात नाही, १८ हजार फी भरून दिल्लीला कागद पाठवायचे असतात, तू काही सह्या केल्यास का? नाही. मग त्यांनी युनिव्हर्सिटीची साईट उघडून दाखवली, तो कोर्स फक्त ऑक्टोबरला सुरू होतो, एप्रिलला प्रवेशच नाही. आणि सरकारी विद्यापीठ सीट धरून ठेवायचे पैसे मागत नाही, प्रवेश पक्का झाल्यावर सेमिस्टरचं जे काय थोडं भरायचं असतं ते थेट विद्यापीठाच्या खात्यावर जातं. पत्रावर दिलेला मेल न वापरता साईटवरच्या इंटरनॅशनल ऑफिसला मॅडमनीच मेल लिहून दिला. तिसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर: या नंबरचा अर्ज आमच्याकडे नाही, हे पत्र आमचं नाही.

पोरगा तीन दिवस धड जेवला नाही. मी ऑफिसात गेलो तर पाया पडणारा तो "ॲग्रीमेंट वाचा ना काका, आम्ही फक्त गायडन्स देतो, नॉन-रिफंडेबल लिहिलंय" असं म्हणाला. वाचलं. होतं लिहिलेलं, चौथ्या पानावर.

पोलीस स्टेशनला पहिल्यांदा "हे सिव्हिल मॅटर आहे" म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्यांदा युनिव्हर्सिटीच्या उत्तराची प्रिंट आणि बँक स्टेटमेंट घेऊन गेलो, वकील मित्र बरोबर होता, त्याने बनावट कागदाचा मुद्दा लावून धरला तेव्हा अर्ज घेतला. (आपण ज्याला चारशेवीस म्हणतो ते आता नव्या कायद्यात ३१८ झालंय.) ग्राहक आयोगातही तक्रार टाकलीय, २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात टाकता येते, पुण्याला खेटे घालायची गरज नाही. वकिलाची नोटीस गेल्यावर ४० हजार परत आले, बाकीचं भिजत घोंगडं आहे. ऑफिसची पाटी मात्र बदललीय, नाव नवीन, माणसं तीच, म्हणून पाटी बघून जाऊ नका.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. जर्मन विद्यापीठांच्या शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेचं, डाडचं (DAAD), ऑफिस पुण्यातच आहे आणि त्यांची माहिती फुकट मिळते. युनि-असिस्ट या विद्यापीठांचे अर्ज घेणाऱ्या साईटवरून अर्ज करायला पहिल्या विद्यापीठाचे ७५ युरो आणि त्याच सेमिस्टरला पुढच्या प्रत्येकाचे ३० लागतात, एवढंच. ब्लॉक्ड अकाउंट पोराच्या स्वतःच्या नावावर असतं, तिकडे गेल्यावर महिन्याला ९९२ युरो त्यालाच मिळतात, मध्ये कुणाच्या टायअपचं काही कामच नाही. आम्ही स्वारगेटला उतरून डेक्कनला जायचो, तिथून रिक्षाने जरा पुढं गेलो असतो तर तीन लाख अडतीस हजार वाचले असते.

पोराने २०२५ ला परत सीईटी दिली, आता फर्स्ट इयर मेकॅनिकलला आहे, या वेळी सांगली नाही, इथंच कराडला. संध्याकाळी जर्मनचा क्लास चालूच आहे. रिझल्ट लागल्यावर एपीएसला काय काय लागेल त्याची यादी परवा त्याने स्वतः काढून फ्रीजवर चिकटवली. अर्जासाठी नवा ईमेल काढलाय, मी सहज पासवर्ड विचारला तर म्हणाला, पप्पा, तुम्हालापण नाही.