ट्रक ड्रायव्हरचे तास मोजायला ट्रॅकिंगचा डबा बरा की मोबाइल?

दोन-तीन ओळखीच्या गाडीवाल्यांनी हेच विचारलं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. व्हीएलटीडी, म्हणजे गाडी कुठं आहे ते कळवणारा डबा, बसवायचा की नाही हा प्रश्न इथं नाहीच, नॅशनल परमिटची गाडी असली की कर्नाटकात तो डबा आणि पॅनिक बटण लागतंयच, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. डबा विकणारा डबेवाला आता वर्षाला थोडे जास्त पैसे घेऊन ड्रायव्हरच्या तासांचा रिपोर्ट पण देतो म्हणतोय, गाडी किती चालली, किती थांबली, रात्रीची किती, सगळं आपोआप. दुसरीकडं मोबाइलवरची अ‍ॅप आहेत, त्यात ड्रायव्हरनं स्वतः बटण दाबायचं, चालवतोय, लोडिंगला आहे, जेवायला थांबलोय, झोपलोय. मी दोन्ही वापरलंय. माझ्या गाड्या मोजक्याच, जास्त करून बेळगावच्या उद्यमबागेतून कास्टिंग (ओतीव लोखंडी भाग) भरून पुण्याजवळ चाकणला आणि येताना मिळेल तो माल, त्यामुळं माझं गणित ऊसाच्या किंवा सिमेंटच्या गाडीला जसंच्या तसं बसेल असं मी म्हणत नाही.

डब्याचं चांगलं आधी सांगतो. तो विसरत नाही. ड्रायव्हर नवा असो जुना असो, रुसलेला असो, डब्याला फरक पडत नाही. वायर काढली तर मेसेज येतो, आतली बॅटरी चार तास तरी चालायलाच पाहिजे असा नियमच आहे. खानापूर सोडून रामनगर-अनमोडच्या जंगलात शिरलं की रेंज जाते, पण डबा सगळं साठवून ठेवतो आणि पलीकडं उतरल्यावर पाठवतो. वंटमुरी घाटात उताराला गाडी किती पळवली तेही कळतंय. आणि पार्टीचा, म्हणजे ज्याचा माल आहे त्याचा, दर अर्ध्या तासाला "गाडी कुठं आहे" म्हणून फोन येतो त्याला लिंक टाकली की विषय संपला. नुसतं गाडीचं बघायचं असेल तर मला विचारूच नका, डबाच घ्या.

पण तास गाडीचे मोजायचे नाहीत, माणसाचे मोजायचेत, आणि माझं घोडं तिथंच अडलं.

उद्यमबागेत गाडी दुपारी लागते. आधी रिकाम्या गाडीचं वजन, मग लाईन. दर दहा-पंधरा मिनिटांनी गाडी पुढं घ्यायची, मध्येच कोणतरी आडवी घालतंय त्याच्याशी भांडायचं, भरताना उभं राहायचं कारण कास्टिंग नीट बसलं नाही तर वळणावर सरकतंय, मग भरलेलं वजन, बिल, ई-वे बिल, दोरी, ताडपत्री. निघेपर्यंत रात्रीचे नऊ. ह्या सगळ्यात ड्रायव्हरची पाठ सीटला नीट टेकलेली पण नसते. आणि डब्याच्या रिपोर्टात काय, तर सहा-सात तास थांबा, शेजारी हिरवा रंग, म्हणजे ड्रायव्हर ताजातवाना, आता घ्या चालवून पाहिजे तेवढं. इंजिन बंद म्हणजे विश्रांती. बरं, लाईनीत इंजिन चालू ठेवलं तरी ते काम धरत नाही, ते आयडलिंगमध्ये जातंय, म्हणजे वर डिझेल जाळलं म्हणून ड्रायव्हरच्याच नावावर लाल खूण.

आमचे एक जुने ड्रायव्हर आहेत, मामा म्हणतो मी त्यांना, त्यांना तो रिपोर्ट दाखवला तर म्हणाले, "मालक, मी झोपलेलो म्हणतोय व्हय हा? मग काट्यावर गाडी कुणी घेतली, ह्याच्या बानं?"

आता हाच माणूस रात्री नऊला निघणार, पुणं साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, संकेश्वर, निपाणी, कोगनोळी, कराडला चहा, खंबाटकी, आणि पहाटेच्या ऐन झोपेच्या वेळेला कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाचा उतार. त्या उताराला किती अपघात झालेत ते आपल्या लाईनीतल्या कुणाला सांगायला नको. डब्याच्या हिशोबात तो तिथं पोचतो तेव्हा त्याची ड्युटी जेमतेम सात-आठ तासांची, आणि खरं बघितलं तर दुपारपासून पंधरा-सोळा तास तो जागाच आहे.

डबेवाल्याला हे सांगितलं. पोरगा चांगला होता, ऐकून घेतलं, म्हणाला सर जिओफेन्स लावू, कारखान्याभोवती गोल आखायचा आणि त्या गोलातला वेळ लोडिंग म्हणून धरायचा. करून बघितलं. नेहमीच्या पार्टीला चालतंय, पण नवीन पार्टी आली की गोल कोण आखणार, आणि लाईन गेटच्या बाहेर रस्त्यावर लांबपर्यंत आली की गाडी गोलाच्या बाहेरच. उलटं पण होतंय, काही ठिकाणी टोकन देतात आणि नंबर येईपर्यंत माणूस खरंच चार तास गाढ झोपतो, मग तो वेळ काम म्हणून धरला तर तेही खोटंच. आत माणूस झोपलाय की राबायलाय हे गोलाला कळत नाही.

परदेशात हे कसं करतात ते बघितलं तर तिथंही यंत्रच आहे, पण उलट्या बाजूनं विचार करतंय. अमेरिकेत 18 डिसेंबर 2017 पासून इलेक्ट्रॉनिक लॉग सक्तीचा झाला. गाडी चालायला लागली की ते आपोआप ड्रायव्हिंग लिहितंय, थांबून पाच मिनिटं झाली की ड्रायव्हरला विचारतंय, आणि त्यानं मिनिटभरात काही दाबलं नाही तर "ड्युटीवर आहे पण चालवत नाही" असं धरतंय. विश्रांती पाहिजे असेल तर ती माणसानं स्वतः दाबायची. शिवाय त्यांचा नियम नुसता 11 तास चालवण्याचा नाही, ड्युटी सुरू झाल्यापासून 14 तासांच्या आतच काय ते चालवायचं, लाईनीत उभं राहिलं म्हणून ते घड्याळ थांबत नाही. युरोपात टॅकोग्राफवर, म्हणजे तास नोंदवणाऱ्या गाडीतल्या यंत्रावर, विश्रांतीला पलंगाचं चिन्ह वेगळं आणि इतर कामाला हातोड्यांचं वेगळं, नुसतं वाट बघत बसलाय त्याला अजून तिसरं. आपल्याकडं पण कागदावर होतंच की, 1961 च्या मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायद्यात दिवसाला आठ तास काम, पाच तासांनंतर अर्धा तास सुट्टी, आणि मधला सगळा वेळ धरून सुरुवातीपासून शेवटापर्यंत बारा तासांत दिवस संपला पाहिजे असं होतं. तो कायदा आता 2020 च्या कामगार संहितेत गेला. गडकरींनी 2021 मध्ये पायलटसारखे ट्रक ड्रायव्हरचे पण तास ठरवायला पाहिजेत म्हटलेलं. रस्त्यावर मात्र मला अजून तरी कुणी गाडी अडवून तास विचारलेले नाहीत, विचारतात ते वजन. म्हणजे हे जे काय करायचं ते आपल्या आपण.

म्हणून मी मोबाइलकडं वळलो. कटकटी नाहीत असं नाही, भरपूर आहेत. पहिले काही आठवडे ड्रायव्हर बटण दाबायला विसरतातच, सकाळी उठून बघावं तर साहेब रात्रभर "जेवायला थांबलोय". मोबाइलची बॅटरी संपते. काही अ‍ॅप रेंज नसली की एन्ट्रीच घेत नाहीत, तसलं असेल तर आपल्या घाटात त्याचा उपयोग शून्य, घ्यायच्या आधी फोन फ्लाइट मोडवर टाकून बटण दाबून बघा. माझ्याकडं निम्मे ड्रायव्हर कन्नड बोलणारे, निम्मे मराठी, म्हणून अक्षरांपेक्षा चित्रांची मोठी बटणं असलेलं घेतलं. आणि हो, खोटं पण दाबता येतं. पण ते फार टिकत नाही, कारण सक्तीचा डबा गाडीत आहेच की. झोपलोय दाबलंय आणि डबा म्हणतोय गाडी कागलला पळायलीय, तर फोन करून विचारायला दोन मिनिटं लागतात. चालवण्याचा वेळ डब्याकडून घ्यायचा आणि थांबल्यावरचा माणसाकडून, असं माझं सध्या चाललंय. डब्याच्या वाढीव रिपोर्टाचे पैसे मी बंद केले.

ह्यातून एक फरक पडला. आता लोडिंगला किती तास गेले ते बघून मी ठरवतो की गाडी रात्रीच सोडायची की ड्रायव्हरला कोल्हापूरच्या अलीकडं कुठंतरी चार-पाच तास झोपवायचं. पार्टी कुरकुरते. काही जणांना सकाळी आठला माल गेटवर पाहिजेच असतो, त्यांना दुसऱ्या गाड्या आहेत. हॉल्टिंग, म्हणजे गाडी अडकून पडल्याचे पैसे, मागताना मात्र त्याच नोंदी उपयोगी पडतात, कधी मिळतंय, कधी नाही.

केबिनमधला कॅमेरा पण दाखवून गेले होते, डुलकी लागली की ओरडणारा. त्यावर मी फार बोलणार नाही, घाटात आरसा बघायला मान वळवली तरी तो ओरडतो आणि चौथ्या वळणाला ड्रायव्हर त्यावर टॉवेल टाकतो. नवीन मॉडेल सुधारलेली असतील.

तुमच्या गाड्या चाळीस-पन्नास असतील, ड्रायव्हर सतत बदलत असतील, किंवा मोठी कंपनी तिच्याच फॉरमॅटमध्ये रिपोर्ट मागत असेल तर डबेवाल्याचाच रिपोर्ट घ्या, एवढ्या माणसांच्या मागं बटणासाठी लागणं जमणार नाही. टँकरवाल्यांचंही वेगळं, तिथं पार्टी सांगेल ते. पण चार-सहा गाड्या, ओळखीची माणसं, आणि भरायला अर्धा दिवस जाणारा माल असला तर मी तरी मोबाइलच म्हणेन. आणि काहीही घेताना विकायला आलेल्याला एवढं जरूर विचारा, की गाडी थांबली आणि ड्रायव्हरनं काहीच दाबलं नाही तर तुमच्या रिपोर्टात काय येतं. "विश्रांती" म्हणाला तर ते बदलता येतं का ते विचारा, माझ्यावाल्यात सेटिंगमध्ये जाऊन बदलता आलं.