गाडीवर तेच, गडावर तेच: टूरिंग बुटांचे नऊ महिने

मेच्या शेवटच्या आठवड्यात हे बूट घरी आणले तेव्हा आईने खोका फिरवून किंमत वाचली आणि म्हणाली, "एवढ्यात दोन महिन्यांचं वाणसामान आलं असतं." साडेचौदा हजार. तेव्हा मी गप्प बसलो. आता फेब्रुवारी संपत आलाय. या काळात गाडी (हिमालयन ४११ मोटरसायकल) ८,७०० किलोमीटर चालली, त्यातले निम्म्याहून जास्त पावसात. पायी किती झालं त्याचा हिशेब ठेवला नाही, पण आतकरवाडीवरून सिंहगड सहा वेळा, राजगड दोनदा आणि पाचनईकडून हरिश्चंद्रगड एकदा, एवढं तरी याच बुटांत झालंय.

बुटाचं नाव मुद्दाम देत नाही. माझी एक जोडी म्हणजे त्या कंपनीचा निकाल नव्हे, आणि मला बोलायचंय ते मोटरसायकलवर आणि गडावर दोन्हीकडे चालणाऱ्या या जातीच्या बुटांबद्दल.

आधीची जोडी पोटरीपर्यंतची होती. तीन बकलं, नडगीवर प्लॅस्टिकची ढाल, सोल फळीसारखा. गाडीवर बसलं की किल्ल्यात बसल्यासारखं वाटायचं. पण राजगडला गेलो, पालीत गाडी लावली आणि शंभर पावलांत कळलं की हे घालून चढणं अशक्य. बूट गाडीला बांधले, सँडल काढली. संध्याकाळी उतरलो तेव्हा पाय घोट्यापर्यंत चिखलाने भरलेले. ते धुऊन, पुसून पुन्हा त्या नळकांड्यात कोंबायचा कंटाळा आला आणि सँडलवरच पुण्यापर्यंत गाडी हाकली. असं तीन सहलींना झालं. म्हणजे मी भारीतले संरक्षक बूट मागच्या सीटवर सुखरूप ठेवत होतो आणि घोटा उघडा टाकून गाडी चालवत होतो! दिवसभर पायात राहील तोच बूट घ्यायचा, हे तिथे ठरलं.

मग शोध सुरू झाला घोट्याच्या वर चार बोटं येणाऱ्या मध्यम उंचीच्या बुटांचा. दुकानात मी दोन गोष्टी हाताने करून पाहायचो. एक म्हणजे बूट टाचेकडून धरून पुढचा भाग जमिनीवर दाबायचा. चवड्याशी वाकला तर चालता येईल, मधोमध वाकला तर तो नुसता दिसायला बूट. दुसरी म्हणजे सोल दोन्ही बाजूंनी मुठीत धरून आवळायचा. गाडी पायावर आडवी पडते तेव्हा पाऊल असंच दोन्हीकडून चेपलं जातं. इथे सोल अजिबात दबता कामा नये. ट्रेकिंगचे चांगले बूटही या परीक्षेत नापास होतात, कारण ते त्यासाठी बनवलेलेच नसतात.

आतल्या लेबलवर मोटरसायकलवाल्याचं छोटं चित्र आणि ईएन १३६३४ (मोटरसायकलच्या बुटांचं युरोपीय मानक) असं लिहिलेलं असेल तर त्याखालचे चार आकडे वाचा. प्रत्येक आकडा १ किंवा २ असतो. पहिला बुटाच्या उंचीचा, दुसरा रस्त्यावर घासण्याचा, तिसरा कापलं जाण्याचा आणि चौथा मघाशी सांगितलेल्या आडव्या दाबाचा. माझ्या जोडीवर १-२-२-२ आहे. उंची कमी म्हणून पहिला १, आणि ते मला मान्य होतं. शेजारी डब्ल्यूआर ही अक्षरं असली तर पाणी रोखण्याची चाचणीही झालीय. नुसतं 'वॉटरप्रूफ' असं खोक्यावर छापायला कोणाची परवानगी लागत नाही.

मापाचं सांगायचं तर संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय सुजतो, आणि प्रवासात वापरणार तेच जाड मोजे घेऊन जा. लेस सैल सोडून पाऊल पूर्ण पुढे सरकवलं की टाचेमागे एक बोट जायला हवं. माझा पाय चवड्याला रुंद आहे, त्यामुळे दोन परदेशी जोड्या लांबीला बरोबर असूनही करंगळीला चावायच्या. दुकानदार म्हणत होता, "वापरून सैल होतील." चामडं थोडं सैल होतं, हे खरं. पण चवड्याचा मूळ साचाच अरुंद असेल तर फोड तुमचे आणि पैसे त्याचे.

पहिले दोन आठवडे गिअर बदलताना चुकत होतो. पुढचा भाग जाड, लिव्हरखाली पाऊल जाईना. दुसरा टाकला की न्यूट्रल. मेकॅनिकने लिव्हर थोडा वर घेऊन दिला आणि प्रश्न मिटला. ब्रेक पेडलचा अंदाज मात्र मला स्वतःलाच बसवावा लागला. जाड सोलमुळे किती दाबलंय ते पायाला उशिरा कळतं. त्याच सोलचा एक फायदाही झाला: माझी उंची पाच फूट पाच इंच, सीट ८०० मिलिमीटरवर, आणि सिग्नलला आता दोन्ही चवडे बऱ्यापैकी टेकतात.

आता पाऊस. पहिली खरी परीक्षा जुलैत झाली, पौड, मुळशी, ताम्हिणी करत माणगावला उतरताना. ताम्हिणीत पाऊस पडत नाही, कोणीतरी वरून ओततं. विळ्याला चहाला थांबलो तेव्हा दोन्ही बुटांत पचपच आवाज. मनात म्हटलं, गेले साडेचौदा हजार. घरी येऊन शोध लावला तेव्हा गुन्हेगार निघाली रेनपँट. गाडीवर गुडघे वाकवून बसलं की ती पोटरीवर चढते, खालची जीन्स उघडी पडते, आणि जीन्समधून मोजा, मोज्यातून तळवा असं पाणी सरळ आत उतरतं. त्यातली गंमत अशी की बूट वॉटरप्रूफ असला की आत गेलेलं पाणीही बाहेर येत नाही. साधा बूट निदान निथळतो तरी. मग एक माप मोठी रेनपँट घेतली आणि तिला तळव्याखालून जाणारं इलॅस्टिक शिवून घेतलं. शिंप्याने चाळीस रुपये घेतले. त्यानंतर माळशेज, वरंध आणि दोन दिवसांचं आंबोली, सगळीकडे पाय कोरडे.

पण मला शंका राहू द्यायची नव्हती. बुटांत वर्तमानपत्राचा कागद पसरून, मोजे घालून न्हाणीघरात दोन बादल्यांत वीस मिनिटं उभा राहिलो. (आई दारातून बघून गेली. काही बोलली नाही, ते जास्त लागलं.) पाणी ठेवलं होतं बुटाच्या जिभेच्या (लेसखालच्या पट्टीच्या) घडीच्या खाली. जीभ आणि बूट यांना जोडणारी चामड्याची घडी जिथपर्यंत शिवलेली आहे, तिथपर्यंतच बूट पाण्यात बुडू शकतो, मग त्याची एकूण उंची कितीही असो. बऱ्याच बुटांत ही घडी अर्ध्यावरच संपते. घेताना लेस सोडून आत बोट घालून बघा. कागद कोरडा निघाला.

आणखी एक चकवा सांगतो. चार तास सतत पावसात राहिलं की बाहेरचं चामडं पाणी पिऊन जड होतं, पाणी अडवणाऱ्या आतल्या पातळ पडद्यातून घामाची वाफ निघेनाशी होते, आणि मोजा ओला लागतो. लोक म्हणतात बूट गळला. हात घालून बघा. मोजा सगळीकडे सारखा दमट आणि कोमट असेल तर तो घाम. एकाच जागी गार ओलं लागलं तर गळती. चामड्याला महिन्यातून एकदा मेण लावल्यापासून हा त्रास निम्मा झाला.

चालण्याबद्दल सरळ सांगतो: हे ट्रेकिंगचे बूट नव्हेत. भाजीवाल्याच्या काट्यावर जोडी एक किलो नऊशे ग्रॅम भरली. राजगड चढताना तासाभराने मांड्यांना ते वजन कळतं. घोटा घट्ट धरलेला असल्याने तिरक्या वाटेवर पाऊल मोकळं वळत नाही. तरी पद्मावती माचीपर्यंत जाऊन आलो आणि फोड नाही. उतरताना मात्र बोटं पुढे आपटत होती. घोट्याजवळच्या हुकाशी लेसला एक जादा वेढा देऊन टाच मागे आवळली की ते थांबतं. चढताना वरचे दोन हूक सोडून द्यायचे, उतरताना पुन्हा बांधायचे.

पकड पायाखाली काय आहे त्यावर ठरते. जांभ्या दगडावर आणि मातीत उत्तम, कोरड्या कातळावर चांगली, शेवाळलेल्या ओल्या कातळावर देवाचं नाव. डिसेंबरात कोकणच्या सागरी महामार्गाने खाली जाताना दाभोळच्या जेट्टीवर ओहोटीची वेळ होती. उतारावर हिरवा थर. फेरीबोटीसाठी रांगेत थांबलो, डावा पाय टेकवला आणि तो निघालाच. मागच्या रिक्षावाल्याने कॅरिअर धरलं म्हणून गाडी वाचली. "दादा, इथं बूट नको, अनवाणी बरं," तो म्हणाला. बरोबरच होतं.

याच सहलीत असा दोष उघडा पडला, जो कोणत्याही परदेशी परीक्षणात वाचला नव्हता. हरिहरेश्वराला बूट काढा, वेळणेश्वराला काढा, हेदवीला काढा, गणपतीपुळ्याला काढा, आणि ज्या घरी उतरलो तिथे ओटीवर पाय ठेवायच्या आधी काढा. माझ्या बुटाला सहा हूक आणि वर वेल्क्रोचा पट्टा आहे. हरिहरेश्वराची प्रदक्षिणा ओहोटी असेपर्यंतच करता येते, आणि बरोबरचे लोक निम्म्या पायऱ्या उतरले तरी मी चप्पल स्टँडच्या बाकावर गाठ सोडवत होतो. आतल्या बाजूला चेन असलेला बूट हवा होता. चेन हा पाणी शिरायचा आणखी एक रस्ता म्हणून मी ती मुद्दाम टाळली होती. पण तिच्यामागे चामड्याची घडी उंच असेल तर फारसं बिघडत नाही. पुढच्या वेळी चेनवालाच घेणार.

उन्हाळ्याचा अनुभव थोडाच, पण पुरेसा. ऑक्टोबरच्या उन्हात सोलापूरला गेलो होतो. दुपारी टेंभुर्णीला बूट काढले तेव्हा टेबलावरचे दोघं उठून दुसरीकडे बसले. अशा हवेत आतला पडदा नकोसा होतो. सुती मोजे तर अजिबात नकोत. ते घाम धरून बसतात आणि मग बूट चावतो. लोकरमिश्रित मोजे महाग आहेत, पण तिथे कंजूषी केली नाही याचं समाधान आहे.

आता तक्रार. सप्टेंबरअखेर कासहून परतताना डाव्या करंगळीपाशी गार ओलं लागलं. पुन्हा बादली, पुन्हा कागद. चवडा जिथे वाकतो तिथे बाहेरच्या बाजूला रुपयाएवढा डाग. चालताना रोज तिथेच घडी पडते, आणि चालण्यासाठी बूट लवचिक केला की आतल्या पडद्याला ती किंमत मोजावी लागते, हे मला आधी सुचायला हवं होतं. विक्रेत्याने पहिल्यांदा "पाणी वरून गेलं असेल" म्हणून परत पाठवलं. बादलीचा व्हिडिओ दाखवल्यावर उत्तर आलं, "वापरातली झीज." चार महिन्यांत! कोपऱ्यावरच्या बूट शिवणाऱ्या काकांनी शिवणीवर सोल्यूशन भरून दिलं. त्याने अर्धा तास जास्त मिळतो, इतकंच. पडदा आत आहे, त्याला बाहेरून ठिगळ लागत नाही.

वाळवण्याचं शास्त्र साधं आहे. आतला तळ काढायचा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दोन तासांनी बदलायचे, टेबल फॅन समोर. गॅसजवळ, हीटरसमोर किंवा कडक उन्हात ठेवले तर चामडं तडकतं आणि सोलचा गोंद सुटतो. आणि पावसाळा संपला म्हणून माळ्यावर टाकू नका. जुनी पोटरीपर्यंतची जोडी तीन वर्षं माळ्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत होती. दिवाळीत मित्राला द्यायला काढली तर सोल हातात शिळ्या भाकरीसारखा कुस्करला. पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या ओलाव्याने आतून विघटत जातो. न वापरता दमट जागी कोंडून ठेवला म्हणून तो वाचत नाही. मी आता महिन्यातून एकदा तरी बूट घालून दूध आणायला जातो.

ज्यांना फक्त पावसात ऑफिसला जायचंय त्यांनी हा खर्च करू नये. दुकानात मिळणारे बुटांवरचे रबरी कव्हर त्याला पुरतात. गमबूट घालून घाटात गाडी चालवणारे बरेच दिसतात. पाणी रोखण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही, पण पडल्यावर गमबूट पायातून सुटून रस्त्यावर एकटाच लांब जातो, हे मी वरंधमध्ये पाहिलंय. सुदैवाने पाय शाबूत होता.

डाव्या बुटाचं काय करायचं ते ठरलेलं नाही. सोलच्या खाचा अजून निम्म्याहून जास्त आहेत, उजवा एकदम ठणठणीत. मेच्या शेवटी पुन्हा बादलीत उभा राहणार. डाग रुपयाएवढाच राहिला असेल तर आत पाणी न शिरणारा मोजा घालून हा पावसाळा काढेन. वाढला असेल तर चेनवाली जोडी, आणि त्या वेळी खोक्यावरची किंमत दुकानातच खरडून आणेन.